बाळाराम मेस्त्रींना गाडी पसंत पडेना

बाळाराम मेस्त्री गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. तरी अजून मुरबाडात कुणी जुनी डिझेल पिकअप घ्यायला निघालं, की कुणीतरी म्हणतंच, "मेस्त्री असते तर एक नजर टाकली असती." ते ऐकलं की मला वेगळंच आठवतं. कारण शेवटची गाडी त्यांनी स्वतःसाठी पाहिली, आणि ती पसंत करायला या माणसाला सव्वा वर्ष लागलं. ते सव्वा वर्ष मी समोर बसून पाहिलंय.

मुरबाडहून टोकावड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला माझी खानावळ आहे. रस्त्यापलीकडे मेस्त्रींचं गॅरेज. गॅरेज म्हणजे काय, तर चार खांब, वर पत्रे आणि खाली तेल पिऊन पिऊन काळी झालेली जमीन. मागे दोन खोल्यांचं घर. बावीस वर्षं मी त्यांना दुपारचा चहा पाठवला आणि अधूनमधून त्यांच्याशी भांडलेसुद्धा. भांडले म्हणजे मीच बोलले. मी तोंडाची फटकळ, आणि मेस्त्री दिवसाला दहा शब्द बोलले तर संध्याकाळी घसा बसेल असे. माणूस समोर आला तर आधी त्याच्या गाडीखाली बघणार, मग त्याच्याकडे. काम संपलं की हात लाकडाच्या भुश्याने चोळायचे, मग साबणाने, मग पुन्हा साबणाने. तीनदा धुतल्याशिवाय घरात कशाला हात लावायचे नाहीत. यमुनाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, डिझेलचा वास आवडायचा नाही.

दुरुस्ती चांगली करायचेच, पण त्यांचं खरं नाव होतं ते गाडी पारखण्यात. किन्हवलीचा भाजीवाला असो नाहीतर शहापूरचा मंडपवाला, जुनी पिकअप घ्यायची तर मेस्त्रींना घेऊन जायचा. मेस्त्री निघायचे ते बगलेत एक रिकामं पोतं घेऊन. ते गाडीखाली अंथरायचं आणि उताणं पडून बघत राहायचं. वरचा रंग, सीटची कव्हरं, आरशाला लटकवलेली फुलं, तिकडे ढुंकून बघायचे नाहीत.

माझ्या भावाला गाडी घ्यायची होती, तेव्हा मीही गेले होते आटगावला. विकणाऱ्याने आठची वेळ दिली होती. मेस्त्रींनी आम्हाला सातलाच दारात नेऊन उभं केलं. तो मालक तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला. मेस्त्रींनी बॉनेटवर पंजा ठेवला, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "चला."

भाऊ वैतागला. "अहो मेस्त्री, चालू तरी करून बघा!"

"त्यानं केलीय ना आधीच. कोमट हाय. थंड इंजिन सकाळी पयल्यांदा कसं उठतं, धूर कसला सोडतं, ते बगायचं अस्तं. यानं नवरीला आंघोळ घालून, पावडर लावून बशिवलीय."

दुसऱ्या दिवशी न सांगता उजाडताच गेलो. मालकाला चावी फिरवून फिरवून घाम फुटला, गाडी उठेना. उठली तेव्हा पांढरा धूर असा निघाला की शेजारचे बाहेर आले.  मेस्त्रींनी पोतं झटकून घडी घातली आणि रस्त्याला लागले. गाडी आवडली तरी त्यांच्या तोंडून 'चांगली' हा शब्द कधी निघाला नाही. फार फार तर 'चालंल'. लोक त्या 'चालंल'वर डोळे मिटून व्यवहार करायचे.

गाडी ओढायला घ्यायची असली, मागे काही जोडायचं असलं, तर मेस्त्री अजूनच कडक. आपल्याकडे सगळ्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची सवय. जोडली की चालली. तिला कुठे ब्रेक असतो? लोक पिकअपलाही तसाच जनरेटरचा ट्रेलर जोडायचे आणि वर फुशारकी मारायचे, एवढं वजन ओढते हो आमची गाडी! मेस्त्री म्हणायचे, "वढायची चिंता इंजिनाला. थांबवायची चिंता मान्साला." कोण किती जोरात चढतं याचं त्यांना काही नव्हतं. गाडी स्वतः जड पाहिजे, ब्रेक दणकट पाहिजेत, आणि ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरायचं, हे त्यांचं शास्त्र.

शहापूरचा तो मंडपवाला एकदा जनरेटरचा ट्रेलर घेऊन तक्रार करत आला, की वेग धरला की मागून ट्रेलर डाव्या-उजव्या बाजूला झुलतो, गाडी फेकल्यासारखी होते. मेस्त्रींनी ट्रेलर सोडवला आणि त्याचा पुढचा दांडा एका हाताने उचलला. सहज उचलला गेला. मंडपवाला खूश, "बघा, एकटा माणूस जोडू शकतो, असाच भरतो आम्ही. जड सामान सगळं मागं."

"म्हनून तर झुलतो," मेस्त्री म्हणाले. "नाक जड पायजे. उचलताना दोन मान्सं कण्हली पायजेत. तुमी जोडायचा त्रास वाचवला न मरायची सोय केली."

सगळं सामान उतरवून, पुढे सरकवून भरायला लावलं. मंडपवाल्याची माणसं मनातून शिव्या देत होती, मला दिसत होतं. पण तो ट्रेलर परत कधी झुलला नाही.

आता यमुनाबाईंबद्दल सांगते, कारण त्यांच्याशिवाय मेस्त्री सांगताच येत नाहीत. नवऱ्याचं न बोललेलं सगळं ही बाई बोलायची. हसायची तर रस्त्यापलीकडे माझ्या गिऱ्हाइकांना ऐकू यायचं. त्यांना तीन मुली. थोरली किन्हवलीला, धाकटी शहापूरला, आणि मधली सुनंदा माळशेज घाटाच्या वर, ओतूरच्या बाजूला दिलेली. थोरलीला आणि धाकटीला मुलंबाळं झाली. सुनंदाला झालं नाही. एकोणीस वर्षं झाली लग्नाला, चाळिशी उलटली, नाही झालं.

आमच्याकडे जुनी रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत आईबापाने तिच्या सासरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. हल्ली कोण पाळतं? पण यमुनाबाई आणि मेस्त्री पाळायचे. एकदा मी बाईंच्या सोबतीला सुनंदाकडे गेले होते. बाईंनी घरून भाकरी बांधून नेलेली, पाण्याची बाटलीसुद्धा घरची. ओट्यावर बसून स्वतःची भाकरी खाल्ली, स्वतःचं पाणी प्यायल्या. सुनंदा चहाचा कप हातात धरून उंबऱ्यात उभी. चहावर साय धरली तरी ती पोरगी कप खाली ठेवीना. मला असा संताप आला! परतीच्या एसटीत मी बाईंना म्हटलं, "अहो, कुठला देव बघायला बसलाय? पोरीच्या तोंडाकडे तरी बघायचं!"

तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बगते गो शोभा, तिच्या तोंडाकडंच बगते. पन मी तितं पानी पिले, म्हंजे मी आस सोडली. आईनंच आस सोडली तर तिनं कुनाकडं बगायचं?"

मी त्यांच्या हातातली भाकरीची रिकामी पिशवी घेऊन माझ्या मांडीवर ठेवली. 

मग एका सकाळी यमुनाबाई चुलीपुढेच कलंडल्या. लकवा. डावं अंग गेलं. बोलणं जड झालं, बसता येईना. कल्याणला हॉस्पिटलात महिनाभर काढून त्या घरी आल्या त्या खाटेवरच. त्या हसण्याचा आवाज बंद झाला आणि रस्ता कसा ओकाबोका वाटायला लागला. अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी एकच धोशा लावला, सुनंदाकडे आठ दिवस राहायचं. सुनंदाच्या गावातल्या बायका तिला टोचून बोलायच्या, आई तुझ्या घरी पाणीसुद्धा पीत नाही म्हणून. ते बाईंच्या काळजात रुतून बसलं होतं. मरायच्या आधी आठ दिवस तिच्या दारात राहायचं, म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील. पण अन्नपाणी घ्यायचं नाही म्हणजे राहायचं कुठे? आणि अशा बाईला न्यायचं कसं?

मेस्त्रींनी हे सगळं ऐकून घेतलं, आठवडाभर गॅरेजात काम करत राहिले. मग एक दिवस ट्रॅक्टरमागे बांधून एक चाकांवरची केबिन घेऊन आले. आटगावच्या बाजूला हायवेचं काम संपलं होतं, तिथल्या ठेकेदाराची ती साइटवरची केबिन. पत्र्याच्या भिंती, दोन खिडक्या, दोन चाकं. मी रस्ता ओलांडून विचारायला गेले, हे काय नवीन?

"तिच्या दारात आपलं घर हुबं करायचं, वैनी," ते म्हणाले. "आपली चूल, आपलं पानी. रीत बी राहील न आठ दिवस बी होतील."

एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. तिथेच पदराने डोळे पुसले मी, खोटं कशाला सांगू.

केबिन त्यांनी देवघरासारखी केली. आत पलंग, संडासासाठी भोक पाडलेली खुर्ची, शेगडीला फळी. पाण्याचे कॅन आणि जड ते सगळं पुढच्या अंगाला, नाक जड राहावं म्हणून. तिचं पासिंग करून घेतलं. पलंग बसवल्यावर यमुनाबाई म्हणाल्या, आत्तापासूनच मला हितं ठेवा. घरात अंधार असायचा, इथे खिडकीतून रस्ता दिसायचा. तेव्हापासून त्या तिथेच. मी हात हलवला की त्या उजवा हात हलवायच्या.

राहिली ती ओढणारी गाडी. चालत्या ट्रेलरात माणूस बसवायचा नसतो, त्यामुळे बाईंना गाडीतच आडवं निजवून न्यायला हवं. म्हणजे मागे दुसरी सीट असलेली, पाच माणसांची पिकअप पाहिजे. डिझेल पाहिजे, जड पाहिजे, घाट चढणारी आणि त्याहून जास्त म्हणजे घाट उतरणारी पाहिजे. मेस्त्री पोतं घेऊन निघाले. मला वाटलं, पंधरा दिवसांत गाडी दारात येणार. ज्याने अख्ख्या तालुक्याच्या गाड्या निवडल्या, त्याला स्वतःची निवडायला किती वेळ?

कल्याणची पाहिली, गिअरबॉक्स कण्हतो म्हणाले. भिवंडीची पाहिली, ती हलकी, ट्रेलरच तिला ढकलत नेईल. एकीचं ऑइल काळं, एकीचा ब्रेक उशिरा धरतो. लोक सांगायला लागले, मेस्त्री, नवी घ्या, जोरदार इंजिनाची. मेस्त्री मान हलवून पुढच्या गाडीकडे. पाऊस आला नि गेला. भात कापून झालं. दिवाळीनंतर यमुनाबाईंना घास गिळायला त्रास व्हायला लागला, डॉक्टरांनी पातळ द्या सांगितलं. तरी मेस्त्री पोतं बगलेत मारून जायचे आणि हात हलवत परत यायचे. यमुनाबाई खिडकीतून बघायच्या, गाडी आली का. मी रोज बघत होते तो चेहरा.

शहापूरची गाडी मी स्वतः पाहिली होती, भावाच्या ओळखीची. एकाच मालकाने वापरलेली, चाकं नवी, ब्रेक जागच्या जागी. माझ्यासारख्या अडाणी बाईलाही कळत होतं. मेस्त्रींनी खालून बघितलं आणि म्हणाले, मागं चेसिसला जोड दिसतो, म्हणजे गाडीचा सांगाडाच तुटून जोडलेला. मालक शपथा घ्यायला लागला, तो जोड नाही, रंगाचा ओघळ आहे. मेस्त्री ऐकेनात.

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. गॅरेजात गेले आणि तोंडाचा पट्टाच सोडला. "मेस्त्री, गाडी बघताय की पोरीला स्थळ बघताय? एवढी खोट तर सुनंदाच्या सासूनं नसेल काढली! तिकडे ती बाई दिवस मोजतेय आणि तुम्हाला रंगाचे ओघळ दिसतायत? शरम नाही वाटत?"

ते इंजिनात डिझेल फवारणारं एक नोझल पुसत होते. पुसतच राहिले. मग म्हणाले, "ती म्हंते, सुनंदाकडं जाऊन आले की मी मोकली."

"मग?"

"मोकली म्हंजे काय, वैनी?"

माझ्याकडे बघत नव्हते. नोझल पुसून लख्ख झालं होतं तरी फडकं फिरत होतं.  या माणसाला गाडी सापडत नव्हती असं नाही, त्याला ती सापडायला नको होती. गाडी आली की घाट चढायचा. घाट चढला की बायकोची इच्छा पुरी व्हायची. आणि इच्छा पुरी झाली की तिला इथे धरून ठेवायला काय उरलं? तोवर प्रत्येक गाडीत एक खोट सापडली की तेवढे चार दिवस पदरात. आणि मी त्यांना इतकं घालून पाडून बोलले होते! चहा पाठवते म्हणाले आणि रस्ता ओलांडला.

पण यमुनाबाईंना हे माहीत नव्हतं असं कुणी समजू नये.

घाटावरचा किसन दूधवाला रोज सकाळी दुधाचे कॅन घेऊन मुरबाडला यायचा. त्याची पाच सीटची जुनी पिकअप, कुठल्याशा लिलावात घेतलेली, दरवाजा एका रंगाचा नि बॉनेट दुसऱ्या. एक दिवस तो गॅरेजात थांबला. मोठा टेम्पो घेतोय म्हणाला, हिला गिऱ्हाईक बघा. मी तेव्हा केबिनमध्ये बाईंना पेज भरवत होते. मेस्त्रींनी सवयीने पोतं अंथरलं, खाली शिरले नि पडल्या पडल्या बोलायला लागले, "क्लच संपलाय. मागचे पाटे बसलेत. रेडिएटर गळतोय..."

"अवो," यमुनाबाईंनी हाक मारली. जिभेवर शब्द ठरत नव्हते, तरी हाक मोठी होती. "ही घ्या."

मेस्त्री गाडीखालून बाहेर आले.

"ही रोज सकाली जाते," बाई म्हणाल्या. "वलनावर गिअर पाडते. मी आवाज वलखते तिचा. दरड पडली ते दोन दिस सोडले तर खाडा नाय. रोज घाट उतरते, रोज चढते."

"अगो, पन क्लच..."

"मंग बदला. मेस्त्री हाव ना तुमी?"

किसन हसायला लागला, पण मेस्त्रींचा चेहरा बघून थांबला. या माणसाने आयुष्यभर गाड्यांचे दोष दुरुस्त करून पोट भरलं होतं, आणि सव्वा वर्षात गाडी घेऊन दुरुस्त करावी हे त्याला एकदाही सुचलं नव्हतं. किंवा सुचू दिलं नव्हतं.

"तुमी गाडी एक सकाल बगता," बाई दम घेत म्हणाल्या. "मी हिला वरीसभर ऐकलीय." मग जरा थांबून, "घाटाला भित नाय तुमी. कशाला भिताय ते मला ठावं हाय. पन मी हितं बी मरनारच. मंग पोरीच्या दारात का नको?"

मी पेजेची वाटी खाली ठेवली. मेस्त्री उपड्या पिंपावर बसले.  मग उठून भुश्याने हात चोळले, साबणाने धुतले, पुन्हा धुतले, आणि केबिनमध्ये येऊन बाईंच्या कपाळावर हात ठेवला. खिडकीतूनच किसनला म्हणाले, "चालंल."

त्यानंतरचे बारा दिवस मेस्त्रींनी दुसऱ्या गाडीला हात लावला नाही. क्लच बदलला, मागच्या स्प्रिंगचे पाटे बदलले, रेडिएटर नवा. केबिन पुढे ढकलली गेली की तिचे तिलाच लागतील असे ब्रेक तिच्या चाकांना बसवले. मागच्या सीटवर बाईंच्या वजनाएवढ्या तांदळाच्या गोण्या निजवून, केबिन जोडून, दोनदा घाट चढून उतरून आले. दुसऱ्या खेपेला आले तेव्हा गोणी जागची हलली नव्हती, हे मला मुद्दाम दाखवायला बोलावलं.

बाईंबरोबर एक बाईमाणूस हवं म्हणून खानावळ बंद ठेवून मी गेले. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. टोकावडं मागे पडलं, घाट लागला. मेस्त्री पहिल्या गिअरात, डोळे आरशात, मागे गाड्यांची रांग नि हॉर्न. जागा दिसली की बाजूला घेऊन सगळ्यांना पुढे सोडायचे, इंजिन किती तापलं ते दाखवणारा काटा बघायचे, पुन्हा निघायचे.  बाई सारख्या विचारत, "आला का बोगदा?" बोगदा ओलांडल्यावर गार वारा आत आला, तेव्हा त्या डोळे मिटून हसल्या. जुनं हसू नव्हे, पण हसूच.

सुनंदाच्या अंगणात केबिन लागली तेव्हा अख्खी वाडी जमली होती. आईने घरच आणलंय म्हणून बायका आत डोकावून जात होत्या. सुनंदा सारखी हातातली कामं टाकून यायची, आईचे पाय चेपायची. पण स्वयंपाक आमच्या शेगडीवर, तांदूळ आमचे, पाणी मुरबाडचं. ती रोज एक तांब्या भरून केबिनच्या दाराशी आणायची आणि तसाच परत न्यायची. सवयच झालेली पोरीला.

चौथ्या दिवशी आमचं पाणी संपलं. मेस्त्री कॅन घेऊन वाडीच्या हापशावर निघाले. हापशाचं पाणी गावाचं, लेकीचं नव्हे, म्हणजे रीत मोडत नाही.

"थांबा," यमुनाबाई म्हणाल्या. "सुनंदाच्या माठातलं आना."

सुनंदा दाराशी होती. मेस्त्री कॅन धरून उभे राहिले. मला एसटीतलं ते बोलणं आठवलं, आणि बाई काय सोडतायत ते कळलं. सुनंदालाही कळलं. तिचा चेहरा असा पिळवटून आला की मला बघवेना.

"आये, नको," ती म्हणाली.

"आन गो. तानेली हाय मी. एकोनीस वरसं तानेली हाय."

सुनंदाने तांब्या आणला. चमच्याने, हळूहळू, ठसका लागू न देता आईला पाणी पाजलं. दोघीही रडत होत्या. अर्धा तांब्या संपल्यावर बाई म्हणाल्या, "आता मला आत न्या. पोरीच्या घरात." सुनंदाच्या सासूने स्वतःची गोधडी माजघरात अंथरली. मी तिला फार नावं ठेवली होती, म्हणून हेही सांगायला हवं.

यमुनाबाई तिथे तीन दिवस होत्या. सुनंदाने केलेली पेज खाल्ली, सुनंदाच्या गवारीची भाजी नुसती जिभेला लावून बघितली, मीठ जास्त आहे म्हणाल्या. सातव्या दिवशी सकाळी, सुनंदा केस विंचरत असताना गेल्या.

वाडीतली म्हातारी माणसं जमली. सुनंदाचा चुलतसासरा मेस्त्रींना बाजूला घेऊन म्हणाला, "पावनं, तुमचं घर हाय ना दारात. बाईंना तिथं ठिवू, तिथनंच उचलू. लेकीच्या घरनं कशाला न्यायचं?" भला माणूस होता, रीतीचंच सांगत होता.

मेस्त्रींनी त्या केबिनकडे पाहिलंसुद्धा नाही. "ती आत मेली," ते म्हणाले. "सुनंदाच्या उंबऱ्यातनंच जाईल." आवाज चढवला नाही, पण पुन्हा कुणी विषय काढला नाही. यमुनाबाईंना सुनंदाच्या दारातूनच नेलं.

मी दुसऱ्या दिवशी मुरबाडला आले आणि तेराव्याला एसटीने परत वर गेले. मेस्त्री तिथेच थांबले होते. ते पुढेही खाली आले नाहीत. गॅरेज त्यांनी पुतण्याला देऊन टाकलं, आणि वर्षभराने गेले तेही तिथेच. म्हणजे तेराव्याला पाहिलं ते माझं शेवटचं पाहणं.

पंगती उठल्या होत्या. मी निरोप घ्यायला आत गेले तर मेस्त्री चुलीपाशी पाटावर एकटेच जेवायला बसलेले. पंगतीत बसले नव्हते. सुनंदा भाकऱ्या थापत होती. आमटी, भात, दोन भाकऱ्या त्यांनी संपवल्या. एवढं खाणारा माणूस नव्हता तो. तिने तिसरी वाढली, तीही खाल्ली. घास गिळताना थांबत होते, छातीवर हात ठेवत होते, पण ताटावरून उठत नव्हते.

"बाबा, पुरे आता," सुनंदा म्हणाली. "तरास होईल."

"वाढ," मेस्त्री म्हणाले. "तुजं लय वाढायचं राह्यलंय."

तिने तव्यावरची भाकरी तशीच गरम त्यांच्या ताटात टाकली, आणि ते खाली मान घालून जेवत राहिले.